फुटबॉल क्लब आधी ताळेबंदात बुडतो

वणीजवळच्या कोळसा वसाहतीतून आलेल्या तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. ज्यांच्या सामन्यांना हजारो प्रेक्षक येतात आणि ज्यांना दूरचित्रवाणीचा पैसा मिळतो, ते क्लब दिवाळखोरीत कसे जातात, हा पहिला प्रश्न. अशा वेळी पाठीराख्यांनी वर्गणी गोळा करावी की मैदानाकडे पाठ फिरवावी, हा दुसरा. आणि बातमीदारांना हे वेळेवर का दिसत नाही, हा तिसरा. शेवटी तुम्ही तुमच्या गावच्या संघाचा हिशेबही कळवून सल्ला मागितला आहे. माझी सारी नोकरी यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात गेली. पतसंस्था, जिनिंग-प्रेसिंग संस्था आणि सूतगिरण्या यांचे ताळेबंद तपासले, काही संस्थांवर अवसायक, म्हणजे बंद पडलेल्या संस्थेची येणी-देणी निपटणारा अधिकारी, म्हणूनही काम केले. फुटबॉलचे वेड त्याहून जुने आहे. इंग्लंडमधील क्लब या नोंदणीकृत कंपन्या असून त्यांचे वार्षिक हिशेब तेथील कंपनी निबंधकांच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात, आणि ते वाचण्याची सवय मला फार पूर्वी लागली. त्या वाचनाच्या आधारे हे उत्तर देत आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करावा लागेल. तोटा होणे वेगळे आणि पैसा संपणे वेगळे. तोट्यातली संस्था, जोवर कोणीतरी तो तोटा भरून देत आहे तोवर, वर्षानुवर्षे चालते. ती बंद पडते ती ज्या महिन्यात पगाराच्या तारखेला खात्यात रक्कम नसते त्या महिन्यात. फुटबॉलमध्ये हा धोका व्यवसायाच्या रचनेतच आहे. खेळाडूंशी तीन-चार वर्षांचे करार झालेले असतात, म्हणजे खर्च आधीच ठरून गेलेला असतो. उत्पन्न मात्र हंगामाच्या शेवटी संघ कोणत्या क्रमांकावर राहतो यावर अवलंबून असते. संघ खालच्या श्रेणीत गेला की दूरचित्रवाणीचा वाटा एका उन्हाळ्यात आटतो आणि करार मात्र तसेच अंगावर राहतात. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, २०१८-१९ च्या हंगामात सर्व क्लबांचा मिळून पगारखर्च त्यांच्या एकूण उत्पन्नाच्या १०७ टक्के होता. वीज, प्रवास, मैदानाची निगा हे सारे त्यावर आणखी. चोवीस क्लब पहिल्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, जाण्याच्या आशेने हा खर्च करतात आणि वर जागा तिघांनाच असते. अशा स्थितीतील सहकारी संस्था माझ्या तपासणीत आली असती, तर तिला ‘ड’, म्हणजे सर्वांत खालचा, वर्ग देण्यावाचून माझ्यापुढे पर्याय नव्हता. फुटबॉलमध्ये मात्र मालक उसनवारीने खड्डा भरत राहतो, आणि त्याचे मन किंवा त्याचा मूळ धंदा ज्या दिवशी खचतो त्या दिवशी तो खड्डा सर्वांना दिसतो.

मात्र मालक उदार असो वा कंजूष, खरी मेख वेगळ्याच ठिकाणी आहे. बुडालेल्या बहुतेक मोठ्या क्लबांचे कागद वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली: क्लबकडे तारण ठेवण्यासारखी सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे पाठीराख्यांची निष्ठा, आणि ती त्यांना न विचारता गहाण टाकली जाते. इंग्लंडमधील लीड्स युनायटेडचे उदाहरण घ्या. २००१ मध्ये हा क्लब युरोपातील अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता. त्या काळात येणाऱ्या वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर त्याने ६ कोटी पौंडांचे कर्ज उचलले, कारण संघ दरवर्षी युरोपच्या त्या स्पर्धेत खेळेल असे गृहीत धरले होते. संघ पात्र ठरला नाही, खेळाडू विकावे लागले, २००४ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली गेला आणि २००७ मध्ये प्रशासकाच्या, म्हणजे देणी न भागवू शकणारी कंपनी सांभाळण्यासाठी कायद्याने नेमलेल्या व्यक्तीच्या, ताब्यात जाऊन तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. परत वर यायला २०२० उजाडले. आपल्याकडे उभ्या कपाशीवर व्यापाऱ्याकडून उचल घेणारा शेतकरी याच मार्गाने जातो, फक्त तो स्वतःचे पीक गहाण टाकतो. लीड्सच्या संचालकांनी गहाण टाकले ते दर शनिवारी पावसात उभे राहणाऱ्या माणसांचे उद्याचे तिकीट.

ग्लासगोच्या रेंजर्सचे प्रकरण याहून स्पष्ट आहे. मे २०११ मध्ये क्रेग व्हाइट यांनी हा क्लब सर डेव्हिड मरे यांच्याकडून एका पौंडात घेतला आणि बँकेचे सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांचे कर्ज फेडण्याची जबाबदारी स्वीकारली. ते कर्ज फिटलेही. पण त्यासाठीची रक्कम आली टिकेटस नावाच्या कंपनीकडून, आणि तिच्या बदल्यात पुढील काही हंगामांच्या तिकिटांचे हक्क आगाऊ विकण्यात आले होते. म्हणजे पाठीराख्यांच्याच पैशाने, तोही त्यांनी अजून दिलेला नसताना, त्यांचा क्लब विकत घेतला गेला. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी प्रशासक आला आणि जूनमध्ये कर खात्याने तडजोडीचा प्रस्ताव फेटाळल्यावर जुनी कंपनी अवसायनात गेली. बार्सिलोना बुडाला नाही, तरी वळण तेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये क्लबने स्वतःच १३५ कोटी युरोंचे कर्ज जाहीर केले, आणि पुढच्याच वर्षी स्पॅनिश लीगच्या दूरचित्रवाणी हक्कांतील आपल्या वाट्याचा चौथा हिस्सा २५ वर्षांसाठी विकून खेळाडूंची नोंदणी केली. आज जन्मलेला मुलगा नोकरीला लागेल तोवर त्या उत्पन्नाचा हिस्सा दुसऱ्याकडे जात राहील.

दूरचित्रवाणीच्या पैशाविषयी फार लिहीत नाही. तो पैसा करारावर लिहिलेला असतो, खात्यात आलेला नसतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. २००२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रक्षेपणाचे हक्क घेतलेली आयटीव्ही डिजिटल ही कंपनी कोसळली आणि खालच्या श्रेणींतील क्लबांचे १७ कोटी पौंडांहून अधिक येणे बुडाले. २०२० मध्ये फ्रान्समध्ये तेथील लीगचे प्रक्षेपण हक्क घेतलेल्या मीडियाप्रो कंपनीने हप्ते थांबवले. आपल्याकडे तर अख्खी लीगच एका करारावर उभी होती. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये केलेला व्यावसायिक हक्कांचा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता, त्याचे नूतनीकरण ठरले नाही, आणि जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित झाला. त्यानंतर काही क्लबांनी पगार थांबवले.

महाराष्ट्रातील वाचकाने तर दूर जाण्याचे कारणच नाही. महिंद्रा युनायटेडसारखा नामवंत संघ २०१० मध्ये कंपनीच्या निर्णयाने बंद झाला. पुण्याचा एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये थांबला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले, दोन वर्षांत खेळाडूंचे पगार थकले, खेळाडू सोडून गेले, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला हलवून त्याचे नावही बदलण्यात आले. सहा-सात वर्षांत एकच परवाना तीन शहरांत फिरला. बालेवाडीत नारंगी सदरे घालून येणाऱ्या आणि गच्चीबावलीत पिवळे सदरे घालून येणाऱ्या माणसांना कोणी एका बैठकीला तरी बोलावले होते का? कोलकात्याचे जुने क्लब सोडले, तर आपल्याकडच्या अशा क्लबांचे सहसा स्वतःचे मैदान नसते, सभासद नसतात, मतदान नसते. म्हणून क्लब बुडाला असे म्हणण्यापेक्षा एका उद्योगसमूहाने एक खर्च बंद केला, असेच म्हणावे लागते. मला हे फार दुखते.

आता प्रशासक आल्यावर नुकसान कोणाचे होते ते पाहू, कारण बातम्यांत हा भाग जवळजवळ येतच नाही. इंग्लंडमध्ये प्रशासक नेमला की लीग गुण कापते. आज खालच्या श्रेणींत ही कपात १२ गुणांची आहे. देणी भागवताना मात्र फुटबॉलमधील धनको, म्हणजे खेळाडू आणि इतर क्लब, यांना पूर्ण रक्कम मिळालीच पाहिजे असा लीगचा नियम आहे, अन्यथा क्लबला खेळू दिले जात नाही. उरलेल्यांना, म्हणजे कर खाते, छापखाना, खानावळवाला, फुलवाला यांना, पौंडामागे काही पेन्स मिळाले तरी नशीब. पोर्ट्समथ क्लब २००८ मध्ये एफए कप ही इंग्लंडची जुनी बाद पद्धतीची स्पर्धा जिंकला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये प्रशासकाकडे जाणारा प्रीमियर लीगमधील पहिला क्लब ठरला. त्याच्या धनकोंच्या यादीत सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही सामन्यांच्या वेळी प्रथमोपचार देणारी सेवाभावी संस्थाही होती. ब्रिटिश कर खात्याने या नियमाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ मध्ये ती फेटाळली गेली. अवसायक म्हणून काम करताना मी दाराशी आलेले हमाल आणि छोटे पुरवठादार पाहिले आहेत, त्यामुळे कायद्याने योग्य ठरलेला हा नियम मला न्याय्य वाटत नाही. क्लब वाचला, असा जल्लोष होतो तेव्हा तो कोणाच्या पैशावर वाचला हे पाठीराख्यांनी विचारले पाहिजे. ती देणी त्यांच्याच गावातील दुकानांची असतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बेरी या क्लबच्या कहाणीतून उत्तम मिळते. मँचेस्टरजवळचा हा क्लब १८८५ चा, एफए कप दोनदा जिंकलेला, १८९४ पासून लीगमध्ये. आधीच्या मालकाच्या काळात मैदान चढ्या व्याजाच्या कर्जासाठी गहाण पडले आणि मैदानाबाहेरील गाड्या उभ्या करण्याच्या जागासुद्धा परताव्याच्या आश्वासनावर गुंतवणूकदारांना विकल्या गेल्या. डिसेंबर २०१८ मध्ये स्टीव्ह डेल यांनी क्लब एका पौंडात घेतला. बेरीत फुटबॉल क्लब असल्याचेही आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. त्या वर्षी पगार थकलेले असताना संघ खेळला आणि वरच्या श्रेणीत गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने निधीचा पुरावा मागितला तेव्हा तो समाधानकारक मिळाला नाही. एका माजी संचालिकेने मैदानाच्या इमारतीच्या पाइपला स्वतःला बेडीने बांधून घेतले. अखेरच्या दिवशी नवा खरेदीदार येणार या आशेवर शेकडो लोक झाडू आणि रंगाचे डबे घेऊन मैदान स्वच्छ करायला आले. खरेदीदाराने माघार घेतली आणि २७ ऑगस्टच्या रात्री लीगने बेरीला बाहेर काढले.

त्या शेकडो लोकांच्या श्रमांपुढे मी नतमस्तक आहे. तरीही व्यवसायाचा माणूस म्हणून सांगितले पाहिजे की ते श्रम चुकीच्या दिवशी झाले. मैदानाच्या गहाणखताची नोंद सार्वजनिक दप्तरात होती, आणि विचारण्याची वेळ ती नोंद झाली तेव्हाची होती. शिवाय संकटानंतरचे दुःख पाठीराख्यांना आपोआप एकत्र आणत नाही. बेरीत नवा क्लब काढणाऱ्यांचा एक गट आणि जुने मैदान सोडवू पाहणाऱ्यांचा दुसरा गट अशी फूट पडली. विलीनीकरणाचे पहिले मतदान फसले आणि २०२३ मध्ये ते एकत्र येऊन पुन्हा त्या मैदानावर खेळू लागले. तोवर चार वर्षे गेली होती.

पोर्ट्समथच्या पाठीराख्यांनी वेगळा मार्ग धरला आणि माझ्या मते तो अधिक अनुकरणीय आहे. २०१२ मध्ये दुसऱ्यांदा प्रशासक आला तेव्हा त्यांनी डबे फिरवून दान गोळा करण्यावर न थांबता एक हजार पौंडांचा एक भाग याप्रमाणे भागभांडवल उभे केले, काही सधन पाठीराख्यांना सोबत घेतले आणि एप्रिल २०१३ मध्ये क्लब ताब्यात घेतला. दुसऱ्याच वर्षी जुनी देणी फेडल्याचे जाहीर झाले आणि २०१७ मध्ये संघ चौथ्या श्रेणीचा विजेता झाला. त्याच वर्षी भागधारकांनी मतदान करून क्लब अमेरिकी उद्योजक मायकेल आयस्नर यांना विकला. काहींना तो निर्णय पटला नाही, पण तो त्यांचा निर्णय होता, आणि विक्रीची किंमत, अटी व मैदानाचे भवितव्य तपासूनच झाला. दान दिल्याने तोटा भरून निघतो. भाग घेतल्याने तोटा का होतो हे विचारण्याचा हक्क मिळतो.

बहिष्काराविषयी माझे मत असे की तो पैशाचा प्रवास पाहून करावा. इंग्लंडमधील शेफील्ड वेन्सडे या क्लबच्या पाठीराख्यांनी २०२५ मध्ये हे चांगले दाखवून दिले. पगार वारंवार उशिरा होत असताना त्यांनी मालकाच्या खिशात जाणारा पैसा रोखण्यासाठी तिकिटे आणि क्लबच्या दुकानातील खरेदी टाळली, आणि ऑक्टोबरमध्ये प्रशासक नेमला जाताच तेच लोक दुकानापुढे रांगेत उभे राहिले, कारण आता प्रत्येक पौंड पगार आणि देण्यांकडे जाणार होता. १२ गुण कापले गेल्याचे दुःख होतेच. तरी ही शिस्त मला विलक्षण वाटली. याउलट रेंजर्सच्या पाठीराख्यांनी, जुनी कंपनी बुडून संघ चौथ्या श्रेणीत गेल्यावर, तिथल्या सामन्याला ४९ हजारांहून अधिक संख्येने गर्दी केली. ती निष्ठा थोर आहे, यात शंका नाही, पण जी निष्ठा काहीही झाले तरी येणारच आहे, तिच्यावरच सावकाराची नजर असते.

बातमीदारांविषयी तुमचा राग मी समजू शकतो. मात्र सर्वांना एकाच मापाने मोजू नये. क्रीडा बातमीदाराला सामना वाचण्याचे शिक्षण मिळते, ताळेबंद वाचण्याचे मिळत नाही. त्याला रोज क्लबच्या दारातून आत जायचे असते, आणि कटू बातमीनंतर ते दार बंद होऊ शकते. रेंजर्स घेणाऱ्या व्हाइट यांच्याविषयी स्कॉटलंडमधील काही वृत्तपत्रांनी २०१० मध्ये अब्जाधीश अशी वर्णने छापली. ऑक्टोबर २०११ मध्ये बीबीसीने, त्यांना पूर्वी सात वर्षांसाठी कंपनी संचालक होण्यास मनाई झाली होती, हे दाखवले, तेव्हा क्लबने बीबीसीशी सहकार्यच थांबवले. चार महिन्यांनी प्रशासक आला. (२०१७ मध्ये न्यायालयाने व्हाइट यांना फसवणुकीच्या आरोपातून निर्दोष मुक्त केले, हेही येथे नोंदवतो.) त्याच काळात रेंजर्सच्या करविवादाचे कागद उलगडून सांगणाऱ्या एका अनामिक ब्लॉगला २०१२ मध्ये ब्रिटनचा प्रतिष्ठित ऑरवेल पुरस्कार मिळाला. ज्या कामासाठी पुरस्कार मिळाला ते काम मुख्यतः वाचनाचे होते.

बातमीदारांच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते की अकाली बातमीने चांगली संस्थाही कोसळते. पतसंस्थेबाबत ते खरे आहे. एका अफवेने ठेवीदारांची रांग लागते आणि सुस्थितीतील संस्थेचीही रोकड संपते, हे मी जवळून पाहिले आहे. फुटबॉल क्लबला हे कारण लागू होत नाही. पाठीराख्याने दिलेला पैसा मागणी करताच परत मिळणारी ठेव नसते, आणि बातमी वाचून तो क्लब सोडूनही जात नाही. फार तर पुरवठादार उधारी आवरती घेतील, जे त्यांच्या हिताचेच असेल. म्हणून या क्षेत्रात लवकर दिलेल्या बातमीने होणारे नुकसान अल्प आहे आणि उशिरा दिलेल्या बातमीने होणारे फार मोठे. आपल्याकडच्या क्रीडापानांवर मेस्सीचे बार्सिलोना सोडतानाचे अश्रू सर्वत्र आले. ते अश्रू ज्या पगारखर्चाने आणि कर्जाने आणले, त्याला किती जागा मिळाली? खरेदीदार कोण, ही बातमी मोठी होते आणि त्याचा पैसा कोठून येतो, हा प्रश्न शेवटच्या परिच्छेदात राहतो. तो पहिल्या परिच्छेदात यावा, एवढीच माझी मागणी आहे.

नियमांनी काही साधते का? काही प्रमाणात. जर्मनीत बहुमताचा हक्क सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे, तरीही बोरुसिया डॉर्टमुंड २००५ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर होता. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा होऊन स्वतंत्र नियामक आला आहे, आणि मालकाच्या निधीचे मूळ आता क्लब हाती येण्यापूर्वी तपासले जाईल, ही अपेक्षा रास्त आहे.

आता तुमच्या संघाविषयी. तुम्ही लिहिता की यंदाच्या स्पर्धेचे पहिले बक्षीस एका कंत्राटदाराच्या तोंडी आश्वासनावर जाहीर झाले आहे, कामठी आणि नागपूरहून येणाऱ्या खेळाडूंना प्रत्येक सामन्यामागे रक्कम कबूल केली आहे, गेल्या वर्षीच्या सदऱ्यांचे पैसे दुकानदाराला अजून द्यायचे आहेत आणि वर्गणीची पावतीपुस्तके दोघा-तिघांकडे आहेत. वर लिहिलेले सारे येथे लहान प्रमाणात उपस्थित आहे. संस्था नोंदणी अधिनियम आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करून घ्या, म्हणजे घटना, सभासद आणि वार्षिक लेखापरीक्षण यांचे बंधन राहील. दोन सह्यांचे बँक खाते उघडा आणि सर्व पावतीपुस्तके क्रमांक घालून कोषाध्यक्षाकडे जमा करा. बक्षिसाची रक्कम स्पर्धा सुरू होण्यापूर्वी खात्यात आली नाही, तर ती फलकावर लिहू नका. जेवढी आली आहे तेवढीच लिहा. बाहेरच्या खेळाडूंना कबूल केलेल्या रकमेपूर्वी सदऱ्यांच्या दुकानदाराची थकबाकी चुकती करा, कारण पुढच्या वर्षी उधारी तोच देणार आहे. वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला सभासदत्व आणि एक मत द्या, रक्कम कितीही असो. आणि उद्घाटनाच्या दिवशी जमा, खर्च आणि देणे यांचा एका पानाचा तक्ता वसाहतीच्या मैदानाच्या फाटकावर लावून त्याची प्रत तालुक्याच्या बातमीदारांनाही द्या, देण्याचा रकाना न वगळता.